करमुक्तीला कारण हवे आणि कारणाला माप

समजा, तीन माणसांचे वर्षाचे उत्पन्न सारखेच आहे, प्रत्येकी २५ लाख रुपये. पहिल्याला ते सगळे कापडाच्या दुकानातून मिळते. दुसऱ्याला दुकानातून १५ लाख मिळतात आणि द्राक्षबागेतून १० लाख. तिसऱ्याचे पंचवीसच्या पंचवीस लाख बागेचे आहेत. २०२५च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीसाठी ठरवलेल्या दरांनी हिशेब केला, तर पहिल्याला ३ लाख ३० हजार रुपये प्राप्तिकर भरावा लागतो, दुसऱ्याला २ लाख ४० हजार आणि तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्या दोघांना त्यावर चार टक्के उपकर द्यावा लागतो, तो वेगळा. तिघांच्या घरात येणारा पैसा सारखा, तिघांना बाजारभावही सारखेच, तरी कराचा बोजा इतका वेगळा. यात कोणी काही लपवलेले नाही आणि कायदाही मोडलेला नाही; हा फरक कायद्यानेच केला आहे. प्राप्तिकराच्या कायद्यात करमुक्त उत्पन्नांची लांबलचक यादी आहे आणि कर वाचवण्याच्या वाटा शोधणारे लोक ती मार्च महिन्यात चाळतात. खरे तर तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. समाजाने कोणाला कर माफ केला आणि कशासाठी, याची ती नोंद आहे. म्हणून त्या यादीतल्या प्रत्येक नोंदीला आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. या माफीचे कारण काय? आणि ती माफी त्या कारणापुरतीच आहे, की कारणाला मागे टाकून पुढे गेली आहे?

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ‘बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न आता करमुक्त आहे’ असे सर्रास म्हटले जाते. कायद्याच्या भाषेत ते बरोबर नाही. नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर कराचा दर शून्य आहे. त्यापुढे करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल, तर आकारलेला कर ६० हजारांपर्यंतच्या सवलतीने माफ होतो. म्हणजे इथे कर आधी लागतो आणि मग माफ होतो. शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या, खास दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला ही माफी मिळत नाही. नऊ लाख कमावणाऱ्याला कर भरावा लागला नाही, तरी विवरणपत्र भरावेच लागते. पगारदारांची ७५ हजारांची प्रमाणित वजावट ही आणखी वेगळी गोष्ट आहे. तिथे उत्पन्न आधी हिशेबात येते आणि मग त्यातून रक्कम वजा होते. करमुक्त उत्पन्न या दोन्हींहून निराळे आहे, कारण ते एकूण उत्पन्नाच्या बेरजेतच धरले जात नाही. १९६१च्या कायद्यात अशी बहुतेक उत्पन्ने दहाव्या कलमात एकत्र दिली होती. १ एप्रिल २०२६पासून लागू होणाऱ्या २०२५च्या नव्या कायद्यात त्यांची रवानगी अनुसूचींमध्ये झाली आहे. मांडणी बदलली, पण आशय बराचसा तोच राहिला आहे.

या यादीतला पहिला गट ज्या रकमांचा आहे, त्यांना उत्पन्न म्हणणेच चुकीचे ठरेल, किंवा त्यांवर एकदा कर भरून झालेला असतो. भागीदारी संस्थेच्या नफ्यावर संस्था स्वतः तीस टक्के कर भरते. तोच नफा भागीदारांमध्ये वाटला गेल्यावर त्यांच्या हाती पुन्हा कर लावला, तर एकाच पैशावर दोनदा कर बसेल, म्हणून भागीदाराचा नफ्यातला वाटा करमुक्त आहे. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या उत्पन्नातून सदस्याला मिळणाऱ्या वाट्यालाही हाच न्याय लागू होतो. घरातले माणूस गेल्यावर वारसांना मिळणारी विम्याची रक्कम किंवा नैसर्गिक आपत्तीनंतर सरकारकडून मिळणारी भरपाई ही कमाई नव्हे. ते झालेल्या हानीचे काही अंशी भरून निघणे आहे. या गटाबद्दल वाद असू नये. इथे सरकार कोणावर मेहेरबानी करत नाही, उत्पन्न कशाला म्हणायचे एवढेच ठरवते.

बक्षीस म्हणून आलेला पैसा आणि वारसा यांचे स्थान याच गटाच्या काठावर आहे. वारशाने किंवा मृत्युपत्राने आलेल्या मालमत्तेवर भारतात प्राप्तिकर नाही. पूर्वी असलेला मालमत्ता शुल्काचा कायदा १९८५ साली गुंडाळला गेला आणि बक्षीस कर १९९८ साली संपला. आजच्या नियमानुसार ठरावीक नातेवाइकांकडून कितीही रक्कम आली, तरी ती करमुक्त असते. इतरांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांहून जास्त रक्कम आली, तर मात्र ती सगळीच करपात्र ठरते. लग्नात वधूवरांना मिळालेला अहेर कोणाकडूनही आलेला असला तरी त्यावर कर नाही. वाढदिवसाच्या किंवा मुंजीच्या भेटींना ही मोकळीक नाही. नातेवाइकांची व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे, पती-पत्नी, भाऊबहीण, पती किंवा पत्नीचे भाऊबहीण, काका, आत्या, मामा, मावशी हे सगळे तिच्यात आहेत. चुलत, मावस, मामे आणि आते भावंडे मात्र नाहीत. मामाने भाच्याला पाच लाख दिले तर भाच्याला कर नाही. पण त्याच भाच्याने पुढे म्हाताऱ्या मामाच्या औषधपाण्यासाठी पाच लाख दिले, तर ती रक्कम मामाच्या हाती करपात्र होते, कारण व्याख्या फक्त घेणाऱ्याच्या बाजूने नाते मोजते. भेटीच्या नावाखाली काळा पैसा फिरू नये, हे या नियमाचे कारण आहे आणि ते रास्त आहे. पण ज्या कारणासाठी काकामामांना यादीत घेतले, त्याच कारणाने पुतण्याभाच्यांनाही घ्यायला हवे होते. माप चुकले, की चांगला नियमही अन्याय करू लागतो.

दुसरा गट आयुष्यभराच्या कष्टांच्या कमाईचा आहे. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, निवृत्तिवेतनाचा एकरकमी घेतलेला भाग, भविष्य निर्वाह निधी हे सगळे पंचवीस-तीस वर्षांत थोडे थोडे जमलेले असते आणि एकाच वर्षात हाती येते. उत्पन्न वाढेल तसा कराचा दर चढत जातो, हा आपल्या कररचनेचा पाया आहे. ही सगळी रक्कम एका वर्षाचे उत्पन्न मानली, तर आयुष्य मध्यम पगारावर काढलेल्या माणसावर निवृत्तीच्या वर्षी श्रीमंतांचा दर येऊन पडेल. म्हणून ही माफी न्यायाची आहे. दोष आहे तो मर्यादांच्या गोठण्यात. खासगी नोकरीतल्या माणसाच्या रजेच्या पैशांवरची करमुक्तीची मर्यादा २००२ साली तीन लाख रुपये ठरली. त्या काळच्या सरकारी वेतनश्रेणीशी तिचा मेळ होता. पुढे सरकारी वेतनश्रेण्या दोनदा बदलल्या, पण ही मर्यादा जागची हलली नाही. २०२३ साली ती एकदम २५ लाख करण्यात आली. मधल्या एकवीस वर्षांत जे निवृत्त झाले, त्यांनी महागाईने खाऊन टाकलेल्या मर्यादेवर कर भरला. मुलांच्या शिक्षणभत्त्याची दरमहा शंभर रुपयांची करमुक्तीही अशीच वर्षानुवर्षे पडून राहिली. एवढ्यात शाळेच्या वह्यादेखील येत नाहीत. माप म्हणजे फक्त वरची सीमा नव्हे. कारण जिवंत असेल, तर मापाने महागाईबरोबर वाढलेही पाहिजे.

तिसरा गट आदराचा आणि सामाजिक हेतूचा आहे. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र यांसारखे शौर्यपदक मिळवणाऱ्याचे निवृत्तिवेतन करमुक्त आहे. कर्तव्य बजावताना धारातीर्थी पडलेल्या सैनिकाच्या कुटुंबाचे निवृत्तिवेतनही तसेच आहे. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर कर नाही. ईशान्येकडच्या ठरावीक प्रदेशांतील अनुसूचित जमातींच्या लोकांचे तिथले उत्पन्न करमुक्त आहे. सिक्कीम १९७५ साली भारतात सामील झाला आणि पुढे सिक्कीमी रहिवाशांच्या तिथल्या उत्पन्नालाही माफी मिळाली. ही माफी मिळालेल्यांच्या यादीतून सिक्कीमी स्त्रियांचा एक गट मात्र वगळला होता. १ एप्रिल २००८नंतर राज्याबाहेरच्या पुरुषाशी लग्न केलेली सिक्कीमी स्त्री या माफीला मुकत होती. सिक्कीमी पुरुषाला असे कोणतेच बंधन नव्हते. जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली आणि विलीनीकरणाच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या इतर भारतीयांनाही माफीच्या कक्षेत घेतले. या निकालाचा अर्थ सिक्कीमपुरता नाही. करमाफी देणे सरकारच्या हातात असले, तरी कोणाला द्यायची आणि कोणाला नाकारायची, याचे कारण न्यायाच्या कसोटीला उतरले पाहिजे, हे त्यातून स्पष्ट झाले.

चौथा गट आमिषाचा आहे, आणि इथून मतभेद सुरू होतात. लोकांनी बचत करावी, म्हातारपणाची सोय करावी, परदेशातून पैसा आणावा, म्हणून सरकार काही व्याजावर आणि परताव्यावर कर सोडते. लोक भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीपीएफ, सुकन्या समृद्धी योजना, विम्याची मुदतपूर्ती हे सगळे या गटात मोडते. आखातात किंवा अमेरिकेत काम करणारा मराठी माणूस गावच्या बँकेत एनआरई खाते उघडतो, त्या खात्याचे व्याजही तो अनिवासी असेपर्यंत करमुक्त असते. भारतातल्या कमाईसाठी असलेल्या त्याच्या एनआरओ खात्याच्या व्याजावर मात्र कर आहे. या गटाची अडचण साध्या गणितातून कळते. पीपीएफवर एप्रिल २०२०पासून ७.१ टक्के व्याज मिळत आहे. तीस टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाला हे करमुक्त व्याज सुमारे १०.३ टक्के करपात्र व्याजाइतके पडते. ज्याला कर लागतच नाही, त्याच्यासाठी ते ७.१ टक्केच राहते. म्हणजे करमुक्तीचे दान ज्याच्याकडे जास्त आहे, त्यालाच जास्त मिळते. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखांची मर्यादा असल्याने हा फरक आटोक्यात राहतो. नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीत स्वेच्छेने कितीही रक्कम भरता येत होती आणि तिच्यावरचे व्याज करमुक्त होते. मजुराच्या म्हातारपणासाठी केलेली तरतूद अशा रीतीने मोठ्या पगारदारांची करमुक्त ठेव बनली. म्हणून १ एप्रिल २०२१पासून वर्षाला अडीच लाखांहून जास्त भरलेल्या रकमेवरचे व्याज करपात्र झाले. त्याच वर्षी युलिप म्हणजे बाजाराशी जोडलेल्या विमा योजनांसाठी, आणि एप्रिल २०२३पासून पाच लाखांहून जास्त वार्षिक हप्त्याच्या नव्या विमा पॉलिसींसाठीही अशीच रेषा आखली गेली. विमेदाराच्या मृत्यूनंतर मिळणारी रक्कम मात्र पूर्वीसारखीच करमुक्त आहे. शेअर बाजारातल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २००४ ते २०१८ कर नव्हता. २०१८च्या अर्थसंकल्पीय भाषणात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी सांगितले, की आदल्या वर्षीच्या विवरणपत्रांनुसार असा करमुक्त नफा सुमारे ३ लाख ६७ हजार कोटी रुपयांचा होता. त्यानंतर ती पूर्ण माफी संपली. आज वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा सोडून उरलेल्यावर साडेबारा टक्के कर आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला आक्षेप विश्वासाचा आहे. लोकांनी सरकारच्या शब्दावर पैसे गुंतवले. नियम मध्येच बदलणे म्हणजे शब्द मोडणे. याचे उत्तर बदल कसा केला यात आहे. विम्याचे नवे नियम ठरलेल्या तारखेनंतरच्या पॉलिसींनाच लावले गेले, जुन्या पॉलिसींना हात लागला नाही. शेअरच्या नफ्याबाबत ३१ जानेवारी २०१८पर्यंत झालेली वाढ सोडून दिली गेली. माप पुढच्या काळासाठी लावले, तर जुना शब्दही पाळला जातो. दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. सगळ्याच माफ्या काढून टाका, दर कमी करा, कायदा सोपा होईल. नव्या करपद्धतीचा विचार काही अंशी हाच आहे, म्हणूनच घरभाडे भत्त्यावरची करमुक्ती तिच्यात मिळत नाही. पण त्याच नव्या पद्धतीत ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि पीपीएफचे व्याज करमुक्त राहिले आहे, आणि ते योग्यच आहे. नुकसानभरपाईवरची माफी आणि मोठ्या गुंतवणुकीवरची माफी यांना एकाच सुरीने कापता येत नाही. सोपेपणा हवाच, पण न्यायाची किंमत देऊन तो घेऊ नये.

आता यादीतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत नाजूक नोंदीकडे, शेतीच्या उत्पन्नाकडे वळू. १८६० साली जेम्स विल्सन यांनी भारतात पहिल्यांदा प्राप्तिकर आणला, तेव्हा शेतीचे उत्पन्न त्यातून सुटलेले नव्हते. ते वगळले गेले १८८६च्या कायद्याने, आणि त्याचे कारण सरळ होते. जमिनीवर शेतसारा आधीच वसूल होत होता, तो जबर होता, आणि त्यावर दुसरा कर लादणे अन्यायाचे झाले असते. १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शेतसाऱ्याच्या वर्मावर बोट ठेवले होते. प्राप्तिकराला किमान उत्पन्नाची मर्यादा आहे, सारा मात्र एकरभर जमिनीच्या धन्यालाही भरावा लागतो आणि मोठ्या जमीनदारालाही, पीक येवो न येवो, असा त्यांचा मुद्दा होता. कर ऐपतीप्रमाणे असावा, हे त्यामागचे तत्त्व. १९३५च्या कायद्याने शेतीच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार प्रांतांना दिला आणि बिहारने १९३८ साली तो पहिल्यांदा वापरला. स्वतंत्र भारताच्या घटनेनेही हीच विभागणी ठेवली. इतर उत्पन्नावरचा कर केंद्राकडे आणि शेतीच्या उत्पन्नावरचा राज्यांकडे. महाराष्ट्रानेही १९६२ साली असा कायदा केला होता. पण मतांच्या राजकारणात राज्ये या अधिकारापासून दूरच राहिली. चहा-कॉफीच्या मळ्यांसारखे अपवाद सोडले, तर हा कर देशात जवळपास अस्तित्वात नाही. ज्या साऱ्याच्या बदल्यात १८८६ साली माफी मिळाली, तो सारा आता नाममात्र उरला आहे. माफीचे मूळ कारण संपले, माफी मात्र राहिली.

शेतीचे उत्पन्न कशाला म्हणायचे, हेही समजून घेतले पाहिजे, कारण इथे अनेकांची फसगत होते. जमीन नांगरून, पेरून काढलेल्या पिकाचे पैसे करमुक्त आहेत. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की जमिनीवर मूलभूत मशागत झाली असली पाहिजे. आपोआप वाढलेल्या जंगलाचे उत्पन्न शेतीचे नव्हे. रोपवाटिकेतली रोपे विकून आलेला पैसा करमुक्त आहे, पण दुधाचा गोठा, कोंबड्यांची शेड आणि मत्स्यपालन यांचे उत्पन्न करपात्र आहे, मग ते शेतकऱ्याचेच का असेना. ऊस कारखान्याला घातला तर त्याचे पैसे शेतीचे; स्वतःच्या उसाची साखर करून विकणाऱ्या कारखान्याला मात्र उसाचा बाजारभाव वजा जाता उरलेल्या नफ्यावर कर आहे. चहा पिकवून तयार करणाऱ्याच्या उत्पन्नाचा साठ टक्के भाग शेतीचा धरला जातो आणि चाळीस टक्के धंद्याचा. जमीन खंडाने दुसऱ्याला कसायला देऊन शहरात राहणाऱ्या मालकाचा खंडही शेतीचेच उत्पन्न ठरतो. ही गोष्ट विसरता कामा नये. करमुक्ती शेतकऱ्याला मिळालेली नाही, शेताला मिळालेली आहे, म्हणून जो घाम गाळतो आणि जो फक्त सातबाऱ्यावर आहे, त्या दोघांना ती सारखीच लागू होते. गोठ्यावर पोट भरणाऱ्याला ती मिळत नाही, आणि शंभर एकरांच्या बागायतदाराला मिळते.

सुरुवातीच्या उदाहरणातला दुसरा माणूस कर का भरतो, याचे उत्तर १९७०च्या दशकात आहे. अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या समितीने १९७२ साली शेतीवरील कराचा विचार केला आणि तिच्या शिफारशींतला एक भाग १९७३पासून लागू झाला. इतर उत्पन्न कर न लागणाऱ्या पायरीच्या वर असेल आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न पाच हजारांहून जास्त असेल, तर शेतीचे उत्पन्न दर ठरवण्यापुरते बेरजेत धरले जाते. शेतीवर कर लागत नाही, पण इतर उत्पन्न वरच्या पायरीवर ढकलले जाते. म्हणूनच त्या माणसाच्या दुकानाच्या १५ लाखांवर १ लाख ५ हजारांऐवजी २ लाख ४० हजार कर आला. तत्त्व योग्य होते, पण ते अर्ध्यावर थांबले. दुकान आणि बाग दोन्ही असलेल्याला माप लागले; ज्याची फक्त बाग आहे, ती कितीही मोठी असली तरी, तो मापाबाहेर राहिला.

इथे सर्वांत जिव्हाळ्याचा आक्षेप उभा राहतो. ज्या महाराष्ट्रात शेतकरी कर्जापायी जीव देतो, तिथे त्याच्यावर कर लावण्याची भाषा कोणी करावी? हा आक्षेप मनापासून घेतला पाहिजे, आणि त्याचे उत्तर आकड्यांनीच दिले पाहिजे. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार देशातल्या सुमारे ८६ टक्के शेतजमीनधारकांकडे दोन हेक्टरांहून कमी जमीन आहे. दहा हेक्टरांहून मोठ्या धारणा शेकडा एकही भरत नाहीत, पण त्यांच्याकडे नऊ टक्के क्षेत्र आहे. २०१८-१९च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले, आणि त्यात पिकांतून आलेले फक्त ३,७९८. म्हणजे सामान्य शेतकरी कुटुंब चार लाखांच्या पायरीच्या कितीतरी खाली आहे. त्याच्या उत्पन्नावर आज कर लावला, तरी तो शून्यच येईल. ज्याच्या हाती उत्पन्नच उरत नाही, त्याला प्राप्तिकर माफ करून काय मिळते? डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि नाशिकच्या शेतकऱ्याचा भाव पडला, तेव्हा ही करमुक्ती त्याच्या कामी आली नाही. खतांवर आणि अवजारांवर तो वस्तू व सेवा कर भरतो आणि व्यापाऱ्याप्रमाणे त्याला तो परत मिळत नाही, त्यावरही ही माफी उपाय नाही. गरीब शेतकऱ्याचे दुःख खरे आहे. त्या दुःखाच्या आडोशाने मिळणारा लाभ दुसऱ्याच्याच पदरात पडतो, हेही खरे आहे.

तो आडोसा कसा वापरला जातो, हे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या २०१९च्या अहवालातून दिसले. प्राप्तिकर खात्याने छाननी केलेली शेतीउत्पन्नाची ६,७७८ प्रकरणे त्यांनी तपासली. त्यांपैकी १,५२७ प्रकरणांत, म्हणजे सुमारे साडेबावीस टक्क्यांत, पुरेशी कागदपत्रे न पाहताच करमुक्ती मान्य झाली होती. जमिनीचा पुरावा नाही, विक्रीच्या पट्ट्या नाहीत, खर्चाचा हिशेब नाही, तरीही माफी. दुसरीकडचा पैसा शेतीच्या खात्यावर दाखवला, की तो पांढरा होतो, ही वाट अशी मोकळी राहते. यात सर्वांत मोठी बदनामी होते ती प्रामाणिक शेतकऱ्याची, कारण त्याच्या नावावर दुसरे लोक कर चुकवतात.

कर बसवणे व्यवहारात शक्य नाही, हा पुढचा आक्षेप. शेतीत रोखीचे व्यवहार, हिशेबाची वही नाही, एक वर्ष पिकाचे तर दुसरे दुष्काळाचे. पण उपाय ठाऊक आहेत. पार्थसारथी शोम यांच्या अध्यक्षतेखालील कर प्रशासन सुधारणा आयोगाने २०१४ साली शेतकऱ्यांसाठी ५० लाखांची उंच मर्यादा सुचवली होती. तेवढी मर्यादा ठेवली, तर महाराष्ट्रातला जवळजवळ कोणताही कसणारा शेतकरी कराच्या जवळपासही येणार नाही. तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याची सोय आणि काही वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी धरण्याची मुभा दिली, तर दुष्काळाची अडचण सुटते. राहिला नोंदींचा प्रश्न. साखर कारखान्यांची उसाची बिले बँकेतून जमा होतात, सातबारा संगणकावर आला आहे, आणि ऑगस्ट २०२१पासून महाराष्ट्रात शेतकरी स्वतः ई-पीक पाहणीत पिकाची नोंद करतो. घटनेने हा अधिकार राज्यांना दिला आहे, हा अडसर खरा आहे. २०१७ साली नीती आयोगाचे सदस्य बिबेक देबरॉय यांनी हा विषय काढताच केंद्राला दुसऱ्या दिवशी हात झटकावे लागले. पण त्याच वर्षी केंद्र आणि राज्यांनी आपापले अधिकार एकत्र आणून वस्तू व सेवा कर उभा केला. बड्या बागायतदारांकडून येणारा कर पूर्णपणे राज्यांकडे आणि त्यातून सिंचनाकडे किंवा पीकविम्याकडे जाईल, असे ठरले, तर तो शेतीकडून घेतलेला पैसा शेतीलाच परत देईल.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल, आजच्या करदात्याने काय करावे, हेही सांगायला हवे. करमुक्त उत्पन्न म्हणजे न दाखवायचे उत्पन्न नव्हे. विवरणपत्रात त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. शेतीचे उत्पन्न पाच लाखांहून जास्त असेल, तर जमिनीचा जिल्हा आणि पिनकोड, तिचे क्षेत्र, ती स्वतःची की खंडाची, बागायती की कोरडवाहू, हे सगळे तिथे लिहावे लागते. माफी मागणाऱ्यानेच ती सिद्ध करायची असते. करमाफीच्या तरतुदीत संदिग्धता असेल, तर तिचा अर्थ सरकारच्या बाजूने लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जुलै २०१८मध्ये सांगितले आहे. म्हणून अडत्याची पट्टी, सातबारा, नातेवाइकाने दिलेल्या पैशासाठी बक्षीसपत्र, ग्रॅच्युइटीचा हिशेबाचा कागद जपून ठेवा, आणि मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. पत्नीला दिलेली भेट तिच्या हाती करमुक्त असली, तरी त्या पैशाचे व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते, हे लक्षात ठेवा.

जखमीला भरपाई, निवृत्ताला त्याची जमा झालेली कमाई, विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती, सैनिकाच्या घराला निवृत्तिवेतन या माफ्या जपल्याच पाहिजेत आणि त्यांच्या मर्यादा महागाईबरोबर वाढल्या पाहिजेत. ज्या माफ्यांचे कारण संपले आहे, त्यांना मर्यादा घातली पाहिजे, मग ती मागणी कितीही अप्रिय असो. एकाला सोडलेला कर दुसऱ्या कोणाला तरी भरावा लागतो. ज्याच्या पगारातून दरमहा कर कापला जातो तो कारकून आणि बिस्किटाच्या पुड्यावर कर भरणारी मोलकरीण हा भार उचलत असतात. यापुढे निवडणुकीत कोणी नवी करमाफी जाहीर केली, तर त्यांच्या वतीने आपण प्रत्येकाने विचारावे, तिचे कारण काय आणि तिचे माप किती.